मुलुंडच्या थंडीसाठी लोकर

मुलुंड (पूर्व),
डिसेंबर १९८५

तीर्थरूप सौ. माणिकताईस,

धाकट्या वसुधाचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून. हे पत्र मी पलंगाखाली गेलेला लोकरीचा गुंडा काढता काढता मनात जुळवत होते.) तुझी बोटं आता आखडत नाहीत ना? भावोजींचा खोकला थांबला का? डेहराडूनला यंदा थंडी लवकर पडली असं ऐकलं. छान. तुमच्याकडे थंडी पडते, आमच्याकडे गच्चीचं प्लॅस्टर पडतं. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून तेही लिहिते. आता खरं काय आहे ते ऐक.

गणपती विसर्जन झालं आणि पाठोपाठ तुझं पार्सल आलं. उघडून बघते तर लोकर, सुया, एक हिंदी मासिक आणि तुझी चिठ्ठी : ‘ऋतू बदलतो आहे, विणायला घे, मन रमेल.’ ताई, इतकी वर्षं उत्तरेत राहून तुला विसर पडला असेल म्हणून सांगते. मुलुंडला ऋतू बदलतो म्हणजे पाऊस थांबतो आणि आपण घामाने भिजायला लागतो. ओलं राहण्यात बदल नाही, पाणी कुठलं एवढाच काय तो फरक. तुझं पार्सल आलं तेव्हा मी पदराने वारा घेत बसले होते आणि मांडीवर ही ढीगभर शेवाळी लोकर! नुसती बघूनच मानेवर घामोळं उठलं. मासिक चाळलं तर त्यात पानोपानी ‘फंदे’, म्हणजे आपले टाके. आपण ज्या गोष्टींच्या फंदात पडू नये म्हणतो, त्या तुमच्याकडच्या बायका सुईवर घेऊन बसतात हे मला तेव्हा कळलं. तरी म्हटलं, मोठ्या बहिणीने एवढ्या लांबून मायेने पाठवलंय, भावोजींना एक स्वेटर विणून परत पाठवावा. म्हणजे लोकरही घराबाहेर जाईल आणि प्रेमही दिसेल.

इथे मला ह्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं. तुला आधी कळवलं नाही (तू घाबरली असतीस, मग ट्रंक कॉल केला असतास, तो खालच्या मजल्यावर आला असता, आणि मग सगळी बिल्डिंग पुन्हा घाबरली असती), पण श्रावणात ह्यांच्या छातीत दुखलं. कार्डिओग्राम काढला. डॉक्टर म्हणाले, या खेपेला वाचलात, पण सिगारेट आजपासून बंद. बंद करायची नसेल तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका, दुसरा डॉक्टर शोधा. ह्यांनी त्याच दिवशी बंद केली. मी देवाला नारळ वाढवला. तो जरा घाईत वाढवला असं आता वाटतं, कारण सिगारेट सुटली आणि ह्यांचे दोन्ही हात मोकळे झाले. ऑफिसातून आले की त्या हातांना काम पाहिजे. आधी पंख्याचा रेग्युलेटर उघडला. (तेव्हापासून पंखा एक तर बंद असतो नाही तर तुफान.) मग माझ्या स्वयंपाकघरातले डबे वर्णानुक्रमे लावले. फोडणीत मोहरी तडतडत असायची आणि मी हळदीसाठी ‘ह’पर्यंत धावत असायची. आणि राग! लग्नापासून त्या तोंडात सिगारेट होती. ती निघाल्यावर तिथून जे बाहेर पडायला लागलं ते ऐकून दूधवाल्याने आमचा मजला सोडला. मी हे गमतीत लिहिते आहे, पण ताई, ते दिवस गमतीचे नव्हते. हे जिन्यावरून चढून यायचे आणि मी दार उघडायच्या आधी दाराआडून त्यांचा श्वास ऐकायची.

तर अशा घरात मी विणायला बसले. हे समोर खुर्चीत. हातात काही नाही म्हणून नजर माझ्या सुयांवर. जरा वेळाने सुरू झालं. टाके सारखे नाहीत. एक सैल, एक घट्ट. ही ओळ बघ, गावाकडच्या रस्त्यासारखी गेलीय. शेवटी मी सुया पुढे केल्या आणि म्हटलं, “मग तुम्हीच विणा.”

आता हे वाक्य मी लग्न झाल्यापासून वापरते आहे. मग तुम्हीच भाजी आणा, मग तुम्हीच पोळ्या करा. त्याचा अर्थ ‘गप्प बसा’ असा होतो हे आमच्या भिंतींनाही माहीत आहे. आजवर ते कधी फुकट गेलं नाही. पण ह्यांनी चष्मा पुसला, सुया घेतल्या आणि विचारलं, “सुलट कुठला आणि उलट कुठला?”

ज्या माणसाला स्वतःच्या शर्टाचं बटण कुठल्या बाजूने लावायचं हे समजावून सांगावं लागतं, तो माणूस आठवडाभरात तुझं ते हिंदी मासिक कोळून प्यायला. ह्यांचं हिंदी तुला ठाऊक आहे. ‘हमने तुमको बोल्या था’ याच्यापुढे ते कधी गेलं नाही. पण ‘एक फंदा सीधा, दो उल्टे’ असं स्तोत्र म्हणावं तसं पुटपुटत हे गॅलरीत बसायला लागले, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा आणि गंजीफ्रॉक घालून, रस्त्यावरून सर्वांना नीट दिसेल असे. मला आनंद व्हायला हवा होता ना? झाला असता, पण नुसतं विणून भागतं तर ते हे कसले? ह्यांना त्या विषयात शास्त्र सापडलं. ऋतुमान आणि लोकर यांचा म्हणे संबंध असतो. हिवाळ्याकडे जाताना जाड, उन्हाळ्याकडे येताना बारीक, आणि मधल्या दिवसांत सुती दोरा, म्हणजे वारा आरपार जातो. मी म्हटलं, अहो, आपल्याकडे हिवाळा कुठेय? तर ह्यांना ते लागलं. घाटकोपरला नसेल, मुलुंडला आहे, येऊरच्या डोंगरावरून सरळ इथे गार वारा येतो म्हणाले. (तो वारा ज्या आठवड्यात येतो त्या आठवड्यात आपण नेमके लग्नाला कल्याणला असतो.) त्या शास्त्राप्रमाणे ह्यांनी ऑक्टोबरच्या उकाड्यासाठी सुती दोऱ्याचा एक बंडी-बनियन विणला. मोठमोठ्या भोकांचा. वारा आरपार गेला हे खरं, पण दुपारी काढला तेव्हा पाठीवर कोळ्याचं जाळं उठलं होतं.

पुढच्या लोकरीसाठी आम्ही पश्चिमेला बाजारात शिवदासशेठच्या दुकानात गेलो. तिथे बायकांची ही गर्दी, दिवाळीची. मला चोळीचे खण बघायचे होते, ते राहिले. ह्यांनी गल्ल्यासमोरची खुर्ची ओढली आणि त्या बिचाऱ्याला विचारायला सुरुवात केली. ही किती पदरी? पीळ कुठल्या अंगाचा? धुतल्यावर आटेल का? शेठने एक गुंडा पुढे केला आणि म्हणाला, “साहेब, ही घ्या. प्युअर हाय. माझ्यावर भरोसा ठेवा.”

“भरोसा माणसावर,” हे म्हणाले, “लोकरीची परीक्षा घ्यावी लागते.” आणि एक धागा तोडून, खिशातून काडेपेटी काढून, फर्रकन काडी ओढली. (खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि खोटी असेल तर वितळून गोळी होते, हे त्या मासिकात आहे. दुकानात करून बघा असं त्यात नाही. मी तपासलं.) गोळी झाली. ती टपकली शेठच्या गल्ल्यावरच्या कॅलेंडरवर आणि ते पेटलं. बायका किंचाळल्या, शेठने आपला चहा कॅलेंडरवर ओतला, आणि हे विजयी मुद्रेने सगळ्यांना सांगताहेत, “नायलॉन! बघितलंत? नायलॉन!” सगळं दुकान आगीकडे बघत होतं. मी एकटीच काडेपेटीकडे बघत होते. सिगारेट सोडलेल्या माणसाच्या खिशात काडेपेटी कशाला? रस्त्यात विचारलं तर म्हणाले, लोकर तपासायला. मी ती देवघरासाठी म्हणून मागून घेतली. त्यांनी दिली, पण देताना माझ्याकडे बघितलं नाही.

यानंतर ह्यांना ‘प्रेरणा’ व्हायला लागली. ही व्हायला लागली की माणूस जेवताना मध्येच थांबतो. भेंडीच्या चकत्यांत नक्षी दिसते, खिडकीच्या ग्रिलमध्ये नक्षी दिसते, मोरीच्या जाळीत दिसते. इथवर मी सोसलं. पण दिवाळीनंतर एका सकाळी बी विंगमधली जयंती, बावीस-तेवीसची पोर, मामाने कुलूहून आणलेला स्वेटर हौसेने घालून दुधाच्या केंद्रावर गेली. मागे हे. केंद्रापर्यंत मागे, रांगेत मागे, आणि परत येतानाही मागे, नजर तिच्या पाठीवर आणि ओठ हलताहेत. ती घाबरून धावत माझ्याकडे आली. “काकू, काका माझ्या मागून काहीतरी मंत्र म्हणत येतात.” आता हिला काय सांगू, की पोरी, ते तुझ्याकडे बघत नाहीत, तुझ्या पाठीवरचे टाके मोजताहेत? मी तेच सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो मी जन्मात विसरणार नाही. ताई, नवऱ्याचं चारित्र्य स्वच्छ आहे हे सांगताना बाईला एवढं ओशाळं वाटू शकतं हे मला माहीत नव्हतं.

आणि मग सोसायटीची खास सभा झाली. विषय पाण्याच्या टाकीची गळती. तो कायमच असतो. आमचे अध्यक्ष दत्ताराम म्हणजे मूळचे मालवणकडचे, घसा असा की बंदरावर उभे राहिले तर गेलेली होडी परत येईल. हे शेवटच्या रांगेत भावोजींच्या स्वेटरची बाही विणत बसले. टाकी कोणी फोडली यावर दोन मजल्यांची जुंपली होती आणि मध्येच दत्तारामांचं लक्ष गेलं. “श्यामकांतराव, ह्या काय चल्लाहा? ही सभा आसा की महिला मंडळ?” ह्यांनी मानही वर केली नाही. “तुम्ही टाकीचं संपवा, मी बाहीचं संपवतो. बघू कोणाचं आधी होतं.”

लोक हसले. तेवढ्यावर राहतं तर बरं होतं. पण गुंडा केव्हाच मांडीवरून उतरून खुर्च्यांखालून फिरायला गेला होता. ठरावाला हात वर करा म्हटल्यावर जे उठले त्यांच्या पायात तो आला, ज्यांनी पाय झटकले त्यांनी तो पुढच्या रांगेत दिला, आणि अध्यक्ष हात मोजायला म्हणून पुढे आले ते सरळ खजिनदारांच्या मांडीवर बसले. सबंध सभा खो खो हसत सुटली. दत्ताराम उठले, धोतर सावरलं, आणि ह्यांच्याकडे बोट करून म्हणाले, “छातीत दुखला काय नि माणसाचो बायलमाणूस झालो!”

त्यालाही लोक हसले, ताई. तेच लोक, तेवढंच मोठ्याने. मी हसले नाही. घरात मी ह्यांना हवं ते बोलेन, पण तो हक्क सोसायटीच्या उपविधीत अध्यक्षांना दिलेला नाही. ह्यांनी एकेकाच्या पायातून लोकर सोडवत, ‘जरा पाय उचलता का’ म्हणत, सगळा धागा गुंडाळला आणि घरी आले. सुया आणि विणलेले तुकडे पिशवीत घालून ती कपाटाच्या डोक्यावर ठेवली. जेवले. पोळी चांगली झालीय म्हणाले. तेव्हा मला खरी भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले, चहा घेतला आणि न सांगता चपला घालून बाहेर पडले. मी गॅस बंद केला आणि मागे निघाले. (बघ, आता आमच्या घरातली दोन्ही माणसं दुसऱ्यांच्या पाठीमागून चालायला लागली होती.) हे थेट स्टेशनजवळच्या काशीरामच्या पानाच्या गादीवर. मी रसवंतीच्या फळकुटाआड उभी. काशीरामने न विचारता ह्यांच्या ब्रँडची सिगारेट पुढे केली. ह्यांनी ती ओठांत धरली, गादीला टांगलेला जळता सुंभ हातात घेतला आणि वाकले. मला हाक मारायची होती. हाक येईना. हात नुसता पदर पिळत राहिला.

आणि वाकलेले हे तसेच थांबले. सुंभ एका हातात, सिगारेट ओठांत, डोळे काशीरामच्या छातीवर. काशीरामला थंडी फार. डिसेंबर लागला की घाम पुसत पुसत स्वेटर घालणारा मुलुंडमधला तो एकटाच माणूस. ह्यांनी सुंभ सोडला, सिगारेट तोंडातून काढली आणि तिच्या टोकाने काशीरामच्या गळ्याचा उतार हवेत काढायला लागले, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. काशीराम मागे मागे सरकतोय. मी पुढे झाले. डोक्यात वाक्यांची रांग लागली होती, एकेक अशी की सात जन्म पुरावी. मला बघून हे दचकलेही नाहीत. म्हणाले, “वसुधा, गळा चुकलाय.”

“कोणाचा?”

“भावोजींचा. पुढच्या भागाला गळ्याचे टाके कमी केलेच नाहीत मी. डोकं कुठून घालणार ते?”

सिगारेट परत द्यायला लागले तर काशीराम म्हणाला, “उष्टी झाली साहेब, आता घेत नाय.” पण ह्यांनी ती तिथेच पानांवर ठेवली, आणि काशीरामने जरा विचार करून ती आपल्या कानावर खोचली. घरी येईपर्यंत हे गळ्याबद्दल बोलत होते. मी नुसती मान हलवत होते. मधूनमधून पदराने डोळे पुसत होते. (आमच्या रस्त्यावर धूळ फार असते.) मग पिशवी खाली आली आणि ह्यांनी पुढचा भाग पार छातीपर्यंत उसवला. मी समोर दोन्ही हात पसरून कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी बसून होते आणि हे माझ्या हातांवरून लोकर गुंडाळत होते. भात करपला. तसाच खाल्ला.

दत्तारामांचंही सांगते, नाही तर तू विचारशील. परवा संध्याकाळी ‘सहज’ आले. टाकीबद्दल बोलले, हवेबद्दल बोलले, मग मी आत गेले असं समजून हळू आवाजात ह्यांना म्हणाले की रात्री गुडघे गारठतात, गुडघ्यांना मोजे विणतात का कोणी? हे म्हणाले, “माप द्या.” एवढंच. मला ह्यांच्या जागी बसवलं असतं तर मी आधी सगळी सभा बोलावली असती. मी चहा दिला. त्यात साखर घालायला विसरले. विसरायचं ठरवूनच आत गेले होते.

तर सोबतच्या पार्सलमध्ये भावोजींचा स्वेटर आहे. गळा उत्तम आहे, त्यावर ह्यांचा जीव आहे. डावी बाही उजवीपेक्षा लांब का, असं भावोजींनी विचारलं तर सांग की सभेत विणलेली ती. फोटो काढायचा झाला तर तो हात खिशात घालावा. आणि ताई, हात जोडून सांगते, यापुढे लोकर पाठवू नकोस. माझ्या घरात उशीच्या अभ्र्यात लोकर आहे, तांदळाच्या डब्यात सुया आहेत, आणि काल आमटीत एक शेवाळी धागा निघाला तो ह्यांनी पुसून खिशात ठेवला. मन रमवायला मला पापड पाठव, तिकडच्या वड्या पाठव, काहीही पाठव जे उसवता येत नाही.

भावोजींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद. मोठेपणाने सांभाळून घेतेसच, तशीच घे.

तुझी,
वसुधा

ता. क. : स्वेटर गार पाण्यात धुवायचा, पिळायचा नाही, सावलीत आडवा वाळत घालायचा. हे मी सांगत नाही, मागे उभं राहून सांगणं चाललंय. आता गेले.

ता. क. २ : ते गेले म्हणून लिहिते. लोकर पाठव. रविवारी ह्यांनी विचारलं, “तुला कुठला रंग आवडतो गं?” लग्न झाल्यापासून हे कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं, आणि मी सवयीने म्हटलं, कुठलाही चालेल. आता हे शिवदासशेठकडून तपकिरी आणणार. सगळं तपकिरीच आणतात. तेव्हा तू आपणहून, मी काही कळवलेलं नाही असं दाखवून, आमसुली रंगाची पाठव. वांग्याचा नव्हे, डाळिंबाचाही नव्हे. आमसुली. जाड पाठव. मुलुंडला ती घालणार कधी, असं उत्तरात लिहू नकोस. पंखा तुफानावर ठेवून घालीन.

ता. क. ३ : लवकर पाठव. काल मी पोळ्या करत होते तर ह्यांनी मागून येऊन दोऱ्याने माझ्या पाठीचं माप घेतलं. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. मी हलले नाही. मग म्हणाले की नीट लागलं नाही, पुन्हा घेतो. पुन्हा घेतलं.